लालबाग, बेंगळुरू: फुलांच्या गर्दीत राहून जाणाऱ्या इमारती

निवडुंग (धागाकर्ता)

लालबाग ही राजाची बाग, पण तिच्यात राजवाडा नाही. हैदर अलीने १७६० मध्ये ती लावली आणि टिपूने वाढवली. पुढे ती कंपनी सरकारकडे गेली, मग म्हैसूरच्या वडियार राजांकडे, आणि आज कर्नाटकाचं उद्यान खातं तिची देखभाल करतं. एवढ्या हातांतून गेलेल्या बागेत प्रत्येकाने काही ना काही बांधून ठेवलंय. एक बुरूज आणि एक पुतळा सोडला तर बहुतेक बांधकाम झाडांच्या किंवा झाडं बघायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी झालेलं आहे. मला लालबाग आवडते ती यासाठी.

दर जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये इथे पुष्पप्रदर्शन भरतं. त्यानंतर बेंगळुरूतल्या आपल्या मराठी गटांवर फोटोंचा पूर येतो. काचघरातली फुलांची प्रतिकृती, तिच्यासमोर उभं कुटुंब, संपलं. ज्या काचघरात हे सगळे उभे असतात त्याकडे मान वर करून कोणी बघत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. म्हणून हा धागा. मी जयनगरला राहते आणि बागेत येणंजाणं नेहमीचं आहे. मला ठाऊक आहे ते लिहिते, बाकीच्यांनी भर घालावी.

आधी हैदरची बाग. बेंगळुरू हैदरला जहागीर म्हणून मिळालं त्यानंतर लगेचच ही बाग सुरू झाली. तेव्हा ती सुमारे ४० एकरांची होती, आज २४० एकर आहे. तुमकुरूच्या पलीकडे शिरा म्हणून गाव आहे. तिथे मोगलांचा सुभेदार दिलावर खान याची बाग होती, तिच्यावरून हैदरने ही कल्पना घेतली. टिपू पडल्यावर, १८०० साली, फ्रान्सिस बुकॅनन हा कंपनीचा डॉक्टर म्हैसूर राज्याची पाहणी करत इथे आला होता. त्याने लिहून ठेवलंय की बाग चौकोनी वाफ्यांत विभागलेली होती, वाफ्यांमधल्या वाटांना दोन्ही बाजूंनी सरूची झाडं होती, आणि एका वाफ्यात एकाच जातीचं झाड लावायचं अशी पद्धत होती. एक चौकोन सगळा गुलाबांचा, दुसरा सगळा डाळिंबांचा.

ती चौकोनी आखणी आता दिसत नाही. टिपूच्या काळातली म्हणून दाखवली जाणारी आंब्याची काही जुनी झाडं आहेत, एवढंच. टिपूला परदेशी रोपांचा फार सोस होता. १७८८ मध्ये त्याचे वकील फ्रान्सच्या राजाकडे पॅरिसला गेले, तेव्हा तोफा-बंदुकांच्या बोलण्याबरोबर बियाणं आणि माळी यांचीही मागणी होती.

१७९९ नंतर बाग मेजर गिल्बर्ट वॉ याच्याकडे आली आणि त्याने ती पुढे कंपनी सरकारला देऊन टाकली. १८३६ मध्ये ती शेती-बागायतीला उत्तेजन देणाऱ्या एका सोसायटीकडे होती, पण सोसायटी काही वर्षांतच बारगळली. १८५६ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान म्हणून बागेची नव्याने घडी बसली. तिथून पुढे लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेली माणसं अधीक्षक म्हणून येऊ लागली. त्यातला जॉन कॅमेरॉन १८७४ मध्ये आला आणि तीसहून अधिक वर्षं राहिला. बागेचं आजचं रूप बरंचसं त्याचं. बेंगळुरूच्या बाजारात सीमे बदनेकायी म्हणून फिकट हिरवी, नासपतीच्या आकाराची भाजी मिळते, ती इकडे रुजवण्याचं श्रेयही त्यालाच देतात.

आणि काचघर. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी व्हिक्टोरिया राणीचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते पायाभरणी झाली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा, म्हणजे काच आणि लोखंडाच्या प्रचंड प्रदर्शनगृहाचा, नमुना डोळ्यांसमोर होता. लोखंडी सांगाडा ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेनच्या ओतशाळेतून आला. क्रिस्टल पॅलेस ३० नोव्हेंबर १९३६ ला आगीत गेला. तारीख तीच, ३० नोव्हेंबर. नमुना जळून गेला, त्याच्यावरून बांधलेलं आपल्याकडे अजून उभं आहे आणि वापरात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

सध्या एवढंच. केम्पेगौडा बुरूज, कबुतरखाना, बँडस्टँड, चामराजेंद्रांचा पुतळा यांबद्दल प्रतिसादांत लिहीन.


रानफूल

सुरेख धागा! वाखूसा (वाचनखूण साठवली). काचघर खरं म्हणजे कशासाठी होतं? बेंगळुरूच्या हवेत झाडांना काचेची ऊब लागत नाही ना?


निवडुंग

ऊब लागत नाहीच. युरोपात काचघर म्हणजे थंडीपासून बचाव. इथे वरून ऊन-पावसाची झड अडवायची आणि बाजूंनी वारा खेळता ठेवायचा, म्हणून ते चहूबाजूंनी मोकळं आहे. बाहेरून आणलेली नाजूक झाडं ठेवायला आणि प्रदर्शनं भरवायला ते बांधलं. प्रदर्शनाचा उपयोग इतका वाढला की आज झाडांपेक्षा प्रदर्शनाचा मंडप म्हणूनच सगळे त्याला ओळखतात. पण प्रदर्शन नसताना, एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी जा. रिकाम्या काचघरात वरच्या कमानी एकामागे एक लागलेल्या दिसतात, तेव्हा बांधणाऱ्याचं कसब कळतं.


सांधेजोड

मी बांधकामातला माणूस, जुन्या लोखंडी इमारतींच्या डागडुजीशी संबंध येतो, म्हणून थोडी भर.

ओतीव लोखंड, म्हणजे आपण ज्याला बीड म्हणतो ते, दाब उत्तम सोसतं पण ताण सोसत नाही. वाकवलं तर लवत नाही, तडकतं. म्हणून त्या काळातले कारागीर बिडाचा खांब करायचे, कमान करायचे, पण लांब सरळ तुळईला बीड वापरताना फार जपायचे. लालबागेतल्या सांगाड्यात खांब इतके सडपातळ आणि वर कमानी इतक्या का, याचं उत्तर या धातूच्या स्वभावात आहे.

मॅकफार्लेनची कंपनी छापील सूचिपुस्तकावर माल विकत असे. कारंजी, जिने, कठडे, बँडस्टँड, छत्र्या, सगळं नग-क्रमांकाने मागवायचं. साच्यातून ओतलेले सुटे भाग जहाजाने यायचे आणि जागेवर बोल्टने जोडले जायचे. मुंबईतलं वॉटसन हॉटेल, म्हणजे काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, १८६० च्या दशकात अशाच पद्धतीने उभं राहिलं. त्याचाही सांगाडा इंग्लंडहून सुटा आला होता. ते आज कोणत्या अवस्थेत आहे ते मुंबईकरांना सांगायला नको. लालबागेचं काचघर नशीबवान, कारण त्याचा वापर कधी थांबला नाही आणि वापर होता म्हणून रंगरंगोटीही होत राहिली.

अशा इमारतीचा खरा शत्रू पाणी. काच आणि लोखंड जिथे भेटतात त्या खाचेत पाणी मुरतं, गंज फुगतो, आणि फुगलेला गंज बिडाला आतून फोडतो. वरून रंगाचे थर चढवत राहिलं की आतलं दिसत नाही. देखभाल करणाऱ्यांनी सांधे बघावेत, रंग नव्हे.

आणखी एक. काचघराचा पूर्वेकडचा भाग मूळचा नाही. तो १९३५ मध्ये वाढवला आणि त्याला लोखंड भद्रावतीच्या कारखान्यातलं वापरलं. तो कारखाना म्हैसूर संस्थानाने १९२३ मध्ये सुरू केला, विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने. म्हणजे एकाच छपराखाली अर्धं ग्लासगोचं, अर्धं भद्रावतीचं. ४५ वर्षांत संस्थान आयात करणाऱ्याचं बनवणारं कसं झालं ते तिथे उभं राहून बघता येतं. अभियांत्रिकीच्या मुलांना इथे मुद्दाम न्यायला हवं.


निवडुंग

सांधेजोड, पूर्वेच्या भागाबद्दल लिहिलंत हे फार बरं झालं. बरेच लोक काचघर सगळं एकाच वेळचं समजतात.


कमाटीबागवाली

मी वडोदऱ्याची. लालबागेचा विषय निघाला आणि क्रुम्बिगल यांचं नाव नाही असं कसं चालेल? आमच्याकडूनच ते म्हैसूरला गेले!

गुस्टाव हर्मन क्रुम्बिगल, जन्म १८६५, जर्मनीत ड्रेस्डेनजवळचा. लंडनच्या हाइड पार्कात आणि क्यू उद्यानात काम करून १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत बडोद्याला आले आणि संस्थानाच्या बागा सांभाळू लागले. महाराज माणसं पारखून आणत आणि त्यांना हवं तसं काम करू देत. आमची कमाटीबाग, कागदोपत्री सयाजीबाग, १८७९ ची. विश्वामित्रीच्या काठी आहे आणि तिच्यात १८९४ चं संग्रहालय आहे. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांमध्ये अजून रविवार म्हटलं की कमाटीबाग.

१९०८ मध्ये कृष्णराज वडियारांनी क्रुम्बिगलना म्हैसूर संस्थानात नेलं आणि लालबाग त्यांच्याकडे आली. १९३२ पर्यंत ते तिथे होते. बेंगळुरूच्या रस्त्यांवर वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असतं ना? एक बहर ओसरला की दुसऱ्या जातीचा सुरू व्हावा अशी निवड करून रस्त्याकडेची झाडं लावायची, ही त्यांची दृष्टी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्यांना नजरकैदेत टाकलं होतं. तरी ते बेंगळुरू सोडून गेले नाहीत. १९५६ मध्ये तिथेच वारले आणि होसूर रस्त्यावरच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

बडोद्याचे महाराज आणि म्हैसूरचे महाराज यांच्यात बागांचं हे देणंघेणं झालं, याचा आम्हा बडोदेकरांना अभिमान आहे.


निवडुंग

कमाटीबागवाली ताई, मनापासून आभार. क्रुम्बिगल यांच्यासाठी मी वेगळा प्रतिसाद राखून ठेवला होता, पण बडोद्याची बाजू तुम्हीच लिहायला हवी होती.

त्यांच्या नावाचा रस्ता लालबागेला लागूनच आहे. बागेत त्यांच्या नावाचं सभागृहही होतं, क्रुम्बिगल हॉल. पुढे खांबांची ओळ आणि वर त्रिकोणी शिरोभाग असलेली बसकी, देखणी इमारत. एकोणिसाव्या शतकातली. पूर्वी तिथे बागकामाची व्याख्यानं होत. नंतर ती वापराविना पडून राहिली, छपरातून पाणी गळायला लागलं, आणि २०१७ मध्ये पावसाने तिचा काही भाग कोसळला. मग उरलेली इमारतही उतरवली गेली. पुढे त्याच धर्तीवर उभारणीचं काम हाती घेतलं, पण मूळ भिंती गेल्या त्या गेल्या.

मला याचा अजून राग आहे. बागेतलं एखादं जुनं झाड पडलं की वर्तमानपत्रात फोटो येतो, लोक हळहळतात, आणि ते योग्यच आहे. इमारत मात्र वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गळत होती. बागेतल्या इमारतींकडे अडगळीची खोली म्हणून बघितलं जातं. माळ्यांची अवजारं ठेवा, जुन्या कुंड्या ठेवा, दार लावून घ्या. सांधेजोड म्हणतात तसं, वापर थांबला की इमारत गेलीच.


गोदातीर

छान माहिती. एक प्रश्न. शहाजीराजांचं वास्तव्य बेंगळुरूत होतं. लालबागेतला तो बुरूज त्यांच्या वेळचा आहे का? आमच्या सहलीच्या गाइडने तसं सांगितलं होतं.


निवडुंग

नाही, गोदातीर. तो बेंगळुरू वसवणाऱ्या केम्पेगौडा घराण्याचा म्हणून ओळखला जातो. शहराच्या चार दिशांना असे चार बुरूज आहेत. एक लालबागेतल्या खडकावर, दुसरा केम्पांबुधी तळ्यापाशी, तिसरा हलसूर तळ्यापाशी आणि चौथा मेखरी सर्कलजवळ. शहर या चार बुरुजांच्या आत राहील असं म्हटलं गेल्याची आख्यायिका आहे. बुरूज म्हणजे प्रत्यक्षात चार खांबांवरचं लहानसं शिखर असलेली मंडपी. तोफा ठेवण्याचा बुरूज डोक्यात ठेवून गेलात तर निराशा होईल. पण खडकावर चढून तिच्याशेजारी उभं राहिलं की शहर चहूकडे दिसतं आणि तिची जागा किती विचाराने निवडली ते कळतं.

शहाजीराजांचा संबंध नंतरचा. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्ला खानाने बेंगळुरू केम्पेगौडांच्या वंशजाकडून घेतलं आणि शहर शहाजीराजांना जहागिरीत मिळालं. व्यंकोजीराजांपर्यंत ते भोसल्यांकडे होतं. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतलं आणि पुढे तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेलं. हैदरची बाग त्यानंतर ७० हून अधिक वर्षांनी लागली, त्यामुळे लालबागेत भोसल्यांची खूण शोधू नका. ती हवी असेल तर मल्लेश्वरमचं काडू मल्लेश्वर मंदिर बघा, ते व्यंकोजीराजांनी बांधलेलं आहे.


खडकवेडा

बुरुजाबद्दल सगळे बोलतात, बुरूज ज्याच्यावर उभा आहे त्याबद्दल कोणी बोलत नाही! लालबागेतलं सगळ्यात जुनं स्मारक तो खडकच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७५ मध्ये त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलंय, शेजारी पाटी आहे.

या खडकाला पेनिन्सुलर नाइस म्हणतात. म्हैसूर भूगर्भ खात्याच्या स्मीथ यांनी इथल्याच उघड्या खडकाच्या अभ्यासावरून १९१६ मध्ये हे नाव दिलं. वय साधारण ३०० कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, लाव्हा थरावर थर साचून झालेला. म्हणजे आपल्या डोंगरांच्या मानाने लालबागेचा खडक चाळीस-पंचेचाळीस पटींनी म्हातारा. त्यावर फिकट आणि गडद पट्टे वळणं घेत गेलेले दिसतात, तेवढं नीट बघा. खोल जमिनीत, प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली खडक जवळजवळ मऊ होऊन पुन्हा घट्ट झाल्याच्या त्या खुणा आहेत. महाराष्ट्रात असे प्राचीन खडक बघायचे तर सिंधुदुर्गात किंवा पूर्व विदर्भात जावं लागतं, बाकी बहुतेक ठिकाणी लाव्हाने ते झाकून टाकलेत.

बागेत एका जुन्या झाडाचा दगड झालेला बुंधाही ठेवलाय, तमिळनाडूतल्या तिरुवक्करईहून आणलेला, सुमारे दोन कोटी वर्षांचा. पोरांना हात लावून बघावासा वाटतो, पण कठड्याबाहेरून बघा.

२०२५ मध्ये हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या बोगदा-रस्त्याच्या आराखड्यात लालबागेची जागा घेण्याची गोष्ट पुढे आली, तेव्हा बेंगळुरूच्या लोकांनी जोरदार विरोध केला. मी तिथला नाही, तरी मला त्यांचं पूर्ण पटतं. ३०० कोटी वर्षांच्या खडकाशेजारी सुरुंग आणि यंत्रं लावायची असतील तर आधी भूवैज्ञानिकांना विचारा, नंतर नकाशावर रेघ मारा.


उनाड

धागा चांगला आहे, पण हैदर-टिपूंचं एवढं कौतुक कशाला? मराठ्यांशी त्यांनी किती लढाया केल्या ते विसरून चालेल का?


निवडुंग

उनाड, लढाया झाल्या आणि त्या विसरायच्या नाहीतच. पण बाग कोणी लावली हा प्रश्न वेगळा आहे, त्याचं उत्तर कागदपत्रांत जे आहे तेच द्यायचं.

आणि लढाया म्हणताच तर त्यांचा बागांशी थेट संबंध आहे. टिपूच्या दोन लालबागा होत्या. एक ही बेंगळुरूची, दुसरी श्रीरंगपट्टणच्या बेटाच्या पूर्व टोकाला. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस याने मार्च १७९१ मध्ये बेंगळुरू घेतलं आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला वेढा दिला. त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा कॉर्नवॉलिसच्या बाजूने होत्या. श्रीरंगपट्टणच्या लालबागेतल्या महालाचं इंग्रजांनी रुग्णालय केलं आणि तिथली सरूची झाडं तोडून वेढ्याच्या मोर्चेबंदीसाठी फांद्यांच्या जुड्या बांधल्या. राजाने हौसेने लावलेली बाग काही दिवसांत लढाईचं लाकूड झाली. बेंगळुरूची लालबाग त्यातून वाचली. कोणाचीही बाजू घेऊन वाचलं तरी यातलं नुकसान नुकसानच.


रानफूल

हे दोन लालबागांचं माहीत नव्हतं. जालावर एकीची चित्रं दुसरीच्या नावाखाली दिसतात, त्याचं कारण कळलं.


भायखळ्याची

निवडुंग, वाचताना सारखी आमची राणीबाग आठवत होती, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तीही शेती-बागायतीच्या सोसायटीनेच उभी केली. त्यांची आधीची बाग शिवडीला होती, ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली. राणीबाग १८६२ मध्ये खुली झाली आणि तिच्याच आवारात १८७२ मध्ये आताचं भाऊ दाजी लाड संग्रहालय सुरू झालं. घारापुरीचा दगडी हत्तीही तिथेच आणून जोडून उभा केलाय. पण राणीबागेत शिरणाऱ्या दहांतले नऊ जण पेंग्विन बघायला येतात. इमारती आणि जुनी झाडं बघायला येणारे मोजकेच. तुमचं दुःख आमचंही आहे.

लालबागेत प्राणी होते का कधी?


निवडुंग

होते! कॅमेरॉनच्या काळात इथे प्राणिसंग्रहालय होतं. वाघ, अस्वलं, माकडं. पुढे प्राणी हलवले आणि बाग पुन्हा झाडांची झाली. कबुतरखाना मात्र राहिला. आत जाऊन बघण्यासारखं काही नाही, बाहेरूनच बघा. पक्ष्यांसाठी कोणीतरी इतकं नेटकं बांधलंय याचंच मला कौतुक वाटतं.

बँडस्टँड काचघरापासून लांब नाही. काचघर होण्यापूर्वीची प्रदर्शनं त्याच्या आसपास भरत आणि बँड वाजे. चामराजेंद्र वडियारांचा घोड्यावरचा पुतळाही बघा. १८८१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचं राज्य वडियारांना परत दिलं ते या राजाच्या हाती, आणि काचघराची पायाभरणी झाली तीही यांच्याच कारकिर्दीत. १८९४ मध्ये कलकत्त्यात ते अकाली गेले.

फुलांचं घड्याळ १९८३ चं, एचएमटीचं. त्याला स्मारक म्हणावं का हा वाद होऊ शकतो. माझ्या मते म्हणावं. एचएमटीची घड्याळं याच शहरात बनत होती आणि आपल्या आईवडिलांच्या मनगटावर तीच होती.


मोगरा_जाई

मला पुष्पप्रदर्शनाची बाजू मांडायची आहे. माझं माहेर नर्सरीवाल्यांचं. म्हैसूर उद्यान सोसायटी १९१२ मध्ये स्थापन झाली, क्रुम्बिगल आणि त्यांच्यानंतर लालबाग सांभाळणारे जवरय्या तिच्यात होते, आणि प्रदर्शनं भरवणं हे तिचं मुख्य काम राहिलं. सामान्य माणसाला नवं झाड दिसावं, त्याने रोप घरी न्यावं, हाच हेतू. आजही प्रदर्शनाच्या दिवसांत लहान रोपवाटिकावाल्यांची वर्षाची विक्री उभी राहते. तिकिटांचे पैसे येतात. ती गर्दी नको असेल तर देखभालीला पैसा कुठून येणार? फुलांची प्रतिकृती बघायला आलेलं पोर एखादं बियांचं पाकीट घेऊन घरी जातं, तेही लालबागेचंच काम आहे.


सांधेजोड

गर्दीला विरोध नाही, पण काचघराच्या खांबांना दोऱ्या, तारा, फ्लेक्सच्या चौकटी बांधल्या जातात त्याला आहे. बिडावर नको तिथे ताण आला की काय होतं ते वर लिहिलंच आहे. प्रदर्शनाची उभारणी जमिनीवर स्वतंत्र चौकटीत करावी, मूळ सांगाड्याला हात लावू नये. तिकिटाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा इमारतींच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. तेवढं झालं तर मोगरा_जाई यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.


मोगरा_जाई

हे अगदी पटलं. दोऱ्यांचं मी स्वतः बघितलंय.


निवडुंग

मलाही. प्रदर्शन बंद व्हावं असं मी कधीच म्हणणार नाही, त्याच्यामुळे काचघर जिवंत आहे. माझं मागणं एवढंच की प्रदर्शनाच्या माहितीफलकांत एक फलक काचघराचाही असावा. कोणी बांधलं, लोखंड कुठलं, पूर्वेचा भाग कधीचा. लाखो लोक तिथून जातात, त्यांना चार ओळी वाचायला मिळाव्यात.


विदर्भीवारा

नागपूरचा महाराजबाग पण भोसल्यांचा राजबागच होता, आता कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथंही लोक फक्त प्राणी बघून परत येतात. कोणी जुन्या माणसानं असाच धागा काढावा बाप्पा, माझ्याकडून विनंती.


डोंबिवलीचे_आजोबा

मुलगा बेंगळुरूला आहे, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं जातोय. सौ.चे गुडघे दुखतात. एवढं सगळं एका फेरीत जमेल का? कुठून शिरावं?


निवडुंग

आजोबा, एका दिवशी सगळं करूच नका, दोन सकाळी ठेवा. पहिल्या दिवशी मेट्रोने, हिरव्या मार्गिकेवरच्या लालबाग स्थानकावर उतरा. पश्चिमेचं फाटक जवळच आहे. तिथून काचघर सपाट वाटेने गाठता येतं. काचघर, बँडस्टँड, घड्याळ, पुतळा एवढंच बघा, मधे बाकांवर बसत बसत. वाटेत पांढऱ्या सावरीचं प्रचंड झाड विचारून घ्या. त्याची मुळं भिंतीसारखी उभी आहेत, आजींना नक्की आवडेल.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन डबल रोडच्या बाजूने खडकापाशी या. चढ फारसा नाही, पण दगड उघडा आहे आणि पावसानंतर निसरडा होतो. आजींना पायथ्याशी सावलीत बसवून तुम्ही दोघं वर जाऊन या. ऊन चढण्याआधी या, दहानंतर खडक तापतो. न्याहारीला एमटीआर हे जुनं उपाहारगृह जवळ आहे, पण रांग असते, उभं राहावं लागेल हे धरून चला.


डोंबिवलीचे_आजोबा

फार उपयोगी. आभारी आहे, ताई. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणते सावर आधी, काचघर नंतर.


कमाटीबागवाली

आजोबा, जमलं तर होसूर रस्त्यावर क्रुम्बिगल यांच्या कबरीवर आमच्या बडोद्याच्या वतीने एक फूल ठेवा.


गोदातीर

श्रीरंगपट्टणच्या लालबागेत आता काही शिल्लक आहे का? म्हैसूरला जाताना थांबावं म्हणतोय.


निवडुंग

हो. महाल गेला, पण गुंबज आहे. हैदरसाठी टिपूने बांधलेली कबर, १७८२ ते १७८४ या काळातली. हैदर, त्याची पत्नी फातिमा बेगम आणि स्वतः टिपू, तिघंही तिथेच आहेत. बाहेरच्या ओसरीचे काळ्या दगडाचे घोटीव खांब बघा. तिथून जवळ दर्या दौलत, १७८४ चा उन्हाळी महाल, सगळा सागवानी. त्याच्या भिंतींवर इंग्रजांविरुद्धच्या १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईचं मोठं चित्र आहे. महालाला ऊन लागू नये म्हणून चहूबाजूंनी हिरवे पडदे सोडलेले असतात, त्यामुळे बाहेरून इमारत नीट दिसत नाही. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मगच चित्रं बघायला सुरुवात करा. दोन्हींना मिळून निदान तीन तास ठेवा.